पाय कामावर गेले आहेत

त्या दिवशी त्या दालनात आमी इतके जन होतो. गुरुजी. मी. माझ्यासंग शाळेत खिचडी रांधनारी शेवंता. सातवीचे नऊ पोट्टे: माझी विशाखा, शेवंताची पुष्पा, धम्मदीप, पाटलाचा निखिल, जयश्री, रजनी, मंगेश, मोठा संदीप अन् लहान संदीप. तिथला निळ्या कपड्यातला एक पहारेकरी, त्याचं नाव मी इचारलं नाई, ते चुकलं. अन् एक बाई होती, पन ती पलास्टरची होती.

सारे ध्यानात ठेवा असं माझं म्हननं नाई. गुरुजी अन् विशाखा राहिले त पुरे. पन जे हाजीर होते त्याहिची नावं घेतल्याबिगर गोष्ट सुरू कराची नाई, हे गुरुजीनं लावलेलं वळन हाय. त्याचं सोताचं नाव गावात कोनी घेत नव्हतं. गुरुजी म्हटलं का तोच. बाकीच्या गुरुजीहिले आडनाव लावा लागे.

मी चौथी शिकली. माझं अक्षर मोठं, चार ओळीत पान भरते. म्हनून मी सांगतो अन् नात लिहून राहिली. तिले म्हटलं, माझ्या बोलन्याले इस्तरी नको मारू.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या काई सालानंतरची ही गोष्ट. जिल्हा फुटला तसे सायेब लोक, गुरुजी लोक इकडचे तिकडं झाले. आमच्या वाट्याले हा आला. लाखांदूरची एसटी आमच्या फाट्यावर थांबते, तिथून शाळा कोसभर. पहिल्या दिवशी तो चपला हातात घेऊन चालत येऊन राहिला होता. शेवंता म्हने, "नवा गुरुजी दिसते व. चपला चावत असन त्याले."

चपला चावत नव्हत्या. त्याले जमीन पाहाची होती. पायानं.

मंग त्यानं पोट्ट्याहिलेबी तेच लावलं. शाळेच्या आंगनात चार टोपले मांडे. एकात काळी चिकट कन्हार, एकात भुरकट हलकी मोरांड, एकात रेती, एकात मुरूम. पोराच्या डोळ्याले दुपट्टा बांधे अन् म्हने, "उभा राय. सांग कोनाच्या शेतात हायेस." पोट्टे पायाची बोटं हालवत अन् सांगत, "निखिलच्या." "रजनीच्या मामाच्या." चुकले त टोपल्यात पुन्हा उभे.

एकदा तपासनीले मोठे सायेब आले. गुरुजीनं त्याहिले खुर्ची देली, चहा देला, अन् म्हने, "सायेब, बूट काढता का?" सायबाले वाटलं आत देव हायेत. काढले. त डोळ्याले दुपट्टा. सायेब चारी टोपल्यात उभे राहून आले. चारी खेपा म्हने, "माती." पोट्टे ओठ दाबून बसले. गुरुजी म्हने, "बरोबर हाय सायेब, पन परीक्षेले पुन्हा बसा लागन." सायेबबी हासले, पन पुढच्या खेपेले ते बुटातच राहिले.

त्याची दुसरी खोड जेवनाची. ताटात खिचडी वाढली का पोरं हात लावत त गुरुजी म्हने, "थांबा. हे कोनाच्या हातचं?"

"मावशीच्या."

"मावशीच्या आधी कोनाच्या?"

मंग गिरनीवाला, मंग मळनी करनारा, मंग कापनारीन, मंग रोवनारीन, मंग नांगर धरनारा, मंग बी ठेवनारी म्हातारी. एकेकाचं नाव घेवाचं, गावातल्या खऱ्या मानसाचं. तवर खिचडीचा गोळा होऊन जाय. मी पातेल्यावर पळी वाजवू. "गुरुजी, तुमी बी पेरन्यापर्यंत जाता, इथं जेवन गोठून राहिलं."

"जाऊ द्या बाई, थंडं खाऊ."

"तुमी खा. लेकरं काहून खातन?"

मंग तो म्हने, "बरं, आज कापनीपर्यंतच." पोट्ट्याहिले ते पाठ झालं होतं. उपाशी असले त माझ्याकडं पाहून पटापट नावं घेत.

शाळेच्या मागं एक खोली होती, फुटके बेंच ठेवाची. गुरुजीनं ती झाडून काढली अन् तिच्यात शेतीच्या वस्तू टांगाले लागला. संग्रहालय म्हने त्याले. पोट्टे संग्राले म्हनत. दारावर खडूनं लिहलं होतं: हात लावल्याशिवाय बाहेर जाऊ नये. घरून वस्तू आनाची, पन नुसती नाई. ती कशी चालते ते ज्याले माहीत, त्या मानसाले संग आनाचं. त्यानं चालवून दाखवलं त वस्तूले चिठ्ठी लागे अन् चिठ्ठीवर त्याचं नाव. रजनीच्या आजीनं बांबूच्या कमट्या अन् पळसाच्या पानाचा मोरा आनला. पान्यात रोवताना बाया तो डोक्यावरून पाठीवर घेतात. बुडी शाळेत वाकून चालून दाखवत होती, साऱ्या पोराहिले रांगेनं त्याच्यात वाकवलं तिनं, अन् सोताचं नाव चिठ्ठीवर पाहून घरीच जाईना.

मंगेशनं त कमाल केली. घरचा नांगर बाप नसताना ओढत आनला. ऐन हंगामात. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाप दारात.

"गुरुजी, नांगर द्या. बैल जुंपून उभे हायेत."

गुरुजीनं हात जोडले, नांगर खांद्यावर घेऊन सोता शेतापर्यंत पोचवून देला. मंग भिंतीच्या रिकाम्या जागी चिठ्ठी लावली: नांगर कामावर गेला आहे. ती चिठ्ठी तिथंच राहिली. पाहाले येनारे इचारत, तवा पोट्टे म्हनत, "आता नाई भेटनार, कामावर हाय."

एक वस्तू मात्र तिथं बिनचिठ्ठीची होती. लाकडाचा, दोन्ही टोकाले निमुळता धोटा. मागावर कापड विनताना इकडून तिकडं फेकतात तो. शेतीच्या खोलीत धोटा कायले, म्हनून मी एकदा इचारलं.

"माझा हाय," गुरुजी म्हने.

"मंग चिठ्ठी काहून नाई?"

"मले त्याचं काई सांगता येत नाई." अन् तो दुसऱ्या कामाले लागला.

त्याले शेतीतलंबी पहिले काई येत नव्हतं, हे लोकाहिले खरं वाटत नाई. तो पवनीकडचा, विनकराच्या घरचा. धान कापतात का उपटतात इथपासून त्यानं इचारलं. पहिल्या साली तो शेवंताच्या पाठी रोवना, म्हंजे धानाची लावनी, शिकाले बांधीत, पान्यानं भरलेल्या धानाच्या वाफ्यात, उतरला अन् दोन पावलावर बसला. धोतरासकट. परे, म्हंजे धानाची लहान रोपं, त्यानं इतकी खोल दाबली का शेंडाच दिसेना. शेवंता म्हने, "गुरुजी, रोवून राहिले का मयत गाडून राहिले?" साऱ्या बाया हासल्या. तो चिखलातूनच म्हने, "तुमी सांगा मंग, बोट किती जाऊ द्याचं?" अन् तिचं बोट पाहून आपल्या बोटावर शाईनं रेघ मारून आला. आठ दिवस ती रेघ होती.

आता माझं सांगतो, म्हंजे पुढचं समजन.

विशाखाचा बाप ती दोन सालाची असताना तापानं गेला. आठ दिवस ताप, नवव्या दिवशी गेला. पुढच्या हप्त्यात मी रोवन्यावर होती. परे मोठे झाले का लावाच लागतात, ते कोनासाठी थांबत नाईत. आमची सोताची जमीन नाई. छप्पनच्या साली सासरा नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, तवापासून घरात एकच गोष्ट, लेकरू शिकलं पाहिजे. नवरा शिकला नाई. मी चौथीत थांबली. म्हनून ते सारं विशाखावर आलं.

रोवना म्हंजे दोन महिने पाय चिखलात. बोटाच्या बेचक्यात चिखल्या होत, कातडी पांढरी पडून निघे. कंबर सरळ होत नव्हती, धुऱ्यावर, बांधीच्या कडेले, आडवं पडून ती सरळ करा लागे. शाळेत खिचडीचं काम लागलं तवाबी दुपारून मी अन् शेवंता रोवन्याले जाऊ. रडगानं म्हनून नाई सांगत. असं होतं.

मी मनाशी पक्कं केलं होतं, विशाखाचा पाय बांधीत पडनार नाई. लहान होती तवा रोवन्याच्या दिवसात तिले कारध्याले भावाकडं ठेवली. मोठी झाली त शाळा अन् घर. डब्बा घेऊनबी तिले धुऱ्यावर येऊ देली नाई. सडकेवरून बाया दिसत असतीन तिले, वाकलेल्या पाठी, लांबून. तेवढंच. पोरगी हुशार होती. पहिला नंबर सोडत नव्हती. वही अशी ठेवे का पान उलटाले भेव वाटे.

अन् सातवीत हा गुरुजी म्हने, सारी पोरं एक दिवस रोवना करतीन. निखिलच्या बापानं एक बांधी देली. विशाखा घरी येऊन म्हने, "माय, उद्या जुनी चड्डी-फराक घालून बोलावलं हाय."

सकाळी मी पळी हातात घेऊनच वर्गात गेली.

"गुरुजी, माझी पोरगी येनार नाई."

"काहून? तब्येत बरी नाई का?"

"तब्येत बरी हाय. पाटलाच्या पोराले चिखल म्हंजे गंमत. घरी जाईन, पाय धुईन, जेवन. माझ्या पोरीले चिखल घरचाच हाय. तिले त्याच्यातून काढाले मी इथं धाडतो, अन् तुमी तिले फिरून तिथंच घेऊन चालले."

शेवंता मागून माझा पदर ओढून राहिली होती. निखिल बिचारा आपल्या पायाकडं पाहे, त्याचं काय चुकलं म्हनून. मले वाटलं गुरुजी आता समजावन, शेतकरी जगाचा पोशिंदा असं काईतरी म्हनन. मी त्याले उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यानं खडू खाली ठेवला. म्हने, "तुमचं बरोबर हाय, बाई. मी तिची हजेरी मांडतो."

एवढंच. भांडाले कोनी उरलं नाई, त्यानं माझा राग अजून वाढला. विशाखाले मी चार दिवस कारध्याले धाडून देलं. बाकीचे आठ जन बांधीत उतरले, लोळले, पडले, अर्धी बांधी वाकडीतिकडी रोवली. शेवटी आमच्या टोळीची रीत हाय, ज्याच्या बोलावन्यावर रोवना त्याले चिखल फासाचा. पोट्ट्याहिनं गुरुजीले असा फासला का तोंड कुठं अन् पाठ कुठं ते समजेना. मी शाळेच्या चुलीपाशी होती. त्याहिचं हासनं तिथवर ऐकू येत होतं.

दिवाळीच्या आधी गुरुजी म्हने, "आपलं संग्रहालय झालं. आता दुसऱ्याचं पाहू." शहरात शेतीच्या वस्तूंचं एक मोठं दालन होतं. कोनतं शहर, कोनतं दालन, ते मी लिहू देत नाई. त्याहिनं मेहनतीनंच केलं असन. पोराहिच्या जेवनासाठी मले अन् शेवंताले संग घेतलं. आमी पहाटे पुऱ्या अन् आलूची सुकी भाजी केली, कांदे घेतले, सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या घेतल्या. आमाले एसटीनं पवनी अन् पवनीहून पुढं जाचं होतं. सांबार वाटेत सुकू नये म्हनून मी ओल्या फडक्यात बांधला.

आमी त्या दालनात शिरलो. फरशी अशी का आपलं तोंड दिसे. नांगर काचेत, वखर काचेत, सूप काचेत. साऱ्यावर पाटी: हात लावू नये. मंगेश काचेतल्या नांगराले म्हने, "हा कामावर नाई जात वाटते." गुरुजीनं त्याले चूप केलं, पन हासत.

शेवटच्या खोलीत ती बाई होती. पलास्टरची. खऱ्या मानसाएवढी. वाकलेली, हिरवं लुगडं खोचलेलं, डाव्या हातात पऱ्याची जुडी, उजवा हात खाली चिखलात. चेहरा गोड केला होता. रोवताना असा चेहरा कोनाचा राहत नाई, पन ते जाऊ द्या. मी पाहिलं अन् मले काईतरी खटकलं. काय ते पहिले समजेना. जशी भाजीत मीठ नसलं त जीभ थांबते, तसं.

पुष्पा पहिले हासली. मंग धम्मदीप. मंग दोन्ही संदीप.

पुष्पा म्हने, "गुरुजी, हे बाई आपलेच परे तुडवून आली."

तवा मले दिसलं. तिच्या मागं हिरवे परे लावलेले, ओळीनं. तिच्या समोर नुसता चिखल. म्हंजे ती रोवत रोवत पुढं चालली होती. असं कोनी रोवत नाई. रोवनारीन मागं मागं सरकते. लावलेलं तिच्या समोर राहते, मोकळा चिखल मागं. पुढं चाललं त जे लावलं त्याच्यावरच पाय पडन.

पहारेकरी आला. "काय दात काढून राहिले? मोठ्या कलाकारानं बनवलं हाय ते. इतके लोक येऊन गेले, कोनी हासलं नाई."

विशाखा वही घेऊन पाटीवरचं उतरवून घेत होती. तिनं मान वर केली. "काय चुकलं त्याच्यात? बरोबर त हाय. मानूस पुढंच चालते ना."

झालं. आठही पोट्टे तिच्याकडं वळले. चिडवाले नाई, खरंच नवल वाटून. पुष्पा म्हने, "अव, तुझी माय माझ्या मायसंग रोज रोवते, अन् तुले हे माहीत नाई?"

विशाखानं माझ्याकडं पाहिलं.

ते पाहनं मी आजवर कोनाले सांगितलं नाई. पोरगी कधी कशात मागं पडली नव्हती. अन् जिथं पडली, ते माझ्या पोटातलं, माझ्या कमरेतलं होतं. तिले धानाची सारी माहिती तोंडपाठ होती, वहीत चित्रं होती. पन तिची माय एवढे साल उलटी चालून राहिली, हे तिले कोनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. मी ते लपवून ठेवलं होतं, जसं काई चोरीचं काम.

गुरुजीले सारं दिसत होतं. पहारेकऱ्याले म्हने, "दादा, रागावू नका. आमच्यासंग यातली जानकार बाई हाय. तिले इचारू." अन् माझ्याकडं वळून म्हने, "मावशी, दाखवता का?"

तोवर तो मले बाई म्हनत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मावशी म्हटलं, पोट्टे म्हनतात तसं.

मी म्हटलं, "इथं? फरशीवर?"

"कन्हार नाई, पन चालवून घ्या."

शेवंता म्हने, "दाखव व. नाई त हे बाई अशीच तुडवत राहीन."

मी चपला काढल्या. पदर खोचला. पिशवीतून सांबाराची जुडी काढली, फडकं सोडलं, डाव्या हातात जुडी धरली अन् वाकली. उजव्या हातानं तीन-चार काड्या वेगळ्या केल्या, अंगठ्यानं फरशीवर टेकवल्या. पुन्हा तीन-चार. एक ओळ झाली का एक पाऊल मागं. दुसरी ओळ. एक पाऊल मागं. हिरवी ओळ माझ्या समोर वाढत चालली. दालनात सांबाराचा वास सुटला. पहारेकरी म्हने, "फरशी खराब होईन, बाई." पन त्यानं थांबवलं नाई. तो पाहत राहिला.

मंगेश म्हने, "मावशी, मागं पाहून चाला, काच हाय."

मी म्हटलं, "मागं पाहा लागत नाई. टाचेले समजते."

तवा माझ्या बाजूले कोनीतरी वाकलं. मी मान वर केली नाई. पाय पाहिले. शाळेचे मोजे काढून ठेवले होते. विशाखाचे पाय. दुसरी जुडी तिच्या हातात होती.

"किती घेवाच्या, माय?"

"तीन. जास्त जाड घेतल्या त वाढत नाई."

"बोट किती जाऊ द्याचं?"

"इथं जातच नाई. फरशी हाय."

ती हासली. मी एक पाऊल मागं, ती एक पाऊल मागं. तिची ओळ वाकडी येत होती. मी तिले म्हटलं नाई. अशा पाच-सहा ओळी झाल्या, मंग सांबार संपला. जी गोष्ट मी तिले चिखलात शिकू देली नाई, ती चकचकीत फरशीवर शिकवत होती, चपला काढून, लोकासमोर. गुरुजीनं डोळे पुसले का चष्मा पुसला, मले सांगता येत नाई.

मंग साऱ्याहिनं सांबार गोळा केला. पहारेकऱ्यानं कापड आनलं, फरशी मीच पुसली. जाताना तो हळूच म्हने, "मी वर सांगतो. आयकतीन का नाई, माहीत नाई." गुरुजीनं तिथल्या वहीत अर्धं पान लिहलं अन् खाली आमच्या बाराही जनाची नावं घातली. त्या सांबारासंगच आमी दुपारी पुऱ्या खाल्ल्या. शेवंता म्हने, "सांबार मातर गुळगुळीत लागून राहिला."

वापसीच्या एसटीत विशाखा माझ्या बाजूले बसली.

"माय, मले काहून नाई सांगितलं?"

"तू ते काम करू नये म्हनून."

"मी नाईच करनार. पन माहीत त पाहिजे होतं ना. पुष्पा हासली."

मी सांबाराच्या फडक्याची घडी घालून पिशवीत ठेवली. पुढच्या सीटवर गुरुजी होता. त्यानं आयकलं असन. पवनी आली, लोक उतरले-चढले, तवा तो मागं न पाहता बोलला, जसा काई कंडक्टरशी बोलून राहिला.

"माझ्या बापानंबी मले मागावर बसू नाई देलं. तू गुरुजी हो म्हने. मी झालो. बाप गेला, माग सरपनात गेला. धोटा तेवढा राहिला. हातात घेतो, पन डावीकडून फेकाचा का उजवीकडून, मले समजत नाई. त्याचंबी चूक नव्हतं, मावशी. तुमचंबी नाई."

फाटा आला, गुरुजीनं नऊही पोट्टे मोजून उतरवले.

आठ-दहा दिवसानं मी त्या खोलीत झाडू मारत होती. नांगराच्या चिठ्ठीच्या बाजूले नवा खिळा. खिळ्याले काई टांगलेलं नाई. खाली चिठ्ठी. मी एकेक अक्षर लावून वाचली: पाय कामावर गेले आहेत. अन् खाली माझं नाव, बापाच्या नावासंग, आडनावासंग. रेशनच्या कार्डाबिगर माझं नाव कुठं लिहलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "गुरुजी, खिळ्याले त काई नाई."

"कसं असन? तुमी त्याच्यावर उभ्या हाय ना."

पुढच्या सालच्या रोवन्यात विशाखा आठवीले लाखांदूरले जात होती. एका इतवारी ती आपल्या मनानं शेवंतासंग बांधीवर आली. मी बाजूले सरकून तिले जागा देली. तिनं लुगड्याचा तुकडा खोचला अन् उतरली. एक कोपरा रोवला. दोनदा बसली. सांजले धुऱ्यावर बसून तिनं आपले पाय आपन धुतले.

"झालं?"

"झालं."

"पुन्हा?"

"नाई."

मी मनाशी पक्कं केलेलं तुटलं, अन् आभाळ काई पडलं नाई. ती शिकली. आता सरकारी दवाखान्यात नर्स हाय. बाया पाय दाखवाले येतात तवा बोटाच्या बेचक्यात पाहून ती इचारते, "रोवन्याची का?" बायाहिले नवल वाटते, हिले कसं समजलं.

गुरुजीची बदली झाली. खोली दुसऱ्या कामाले पाहिजे होती. त्यानं बैलगाडी केली नाई, हमाल केला नाई. एकेक वस्तू हातात घेऊन घरोघरी पोचवली. जिथं म्हातारं मानूस मरून गेलं होतं, तिथं त्याच्या नातवाले बसवून चालवून दाखवली अन् मंगच देली. आठ दिवस लागले. रजनीची आजी तवाबी जिती होती. तिनं मोरा घेतला अन् तो गुरुजीच्याच डोक्यावर घालून त्याले पुढच्या घरी धाडला, पानी येऊन राहिलं होतं म्हनून.

माझ्या घरी तो शेवटी आला. चिठ्ठी अन् खिळा, दोन्ही. खिळा मी दाराच्या चौकटीले ठोकला. अजून हाय.

त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून धोट्याचं टोक दिसत होतं. त्याले दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. मी इचारलं, "लिहलं का गा शेवटी?"

"दिवाळीच्या सुट्टीत पवनीले एका बुड्याच्या मागावर बसलो," तो म्हने. "पंधरा दिवस. बुडा म्हने, इतका मोठा गुरुजी अन् धोटा पाडते."

त्यानं चिठ्ठी मले वाचाले देली. लिहलं होतं: हा दोन्ही हातांनी फेकतात. आधी उजव्या, मग डाव्या. खाली त्याच्या बापाचं नाव.

तो चपला हातात घेऊन फाट्याकडं गेला. मंग कधी भेट नाई. जिता हाय का नाई, मले माहीत नाई.

त्या पलास्टरच्या बाईचं काय झालं, तेबी माहीत नाई. गुरुजी इथं होता तवर दरसाल त्या दालनाले एक कारड टाके, पोट्ट्याहिच्या सह्या घेऊन. उत्तर आलं असं कोनी सांगितलं नाई. आता माझे गुडघे जात नाईत, नाई त मी सोता गेली असती.

म्हनून ज्याच्या हाती हे पडन त्याले एवढंच म्हननं हाय. कुठंबी असं दालन पाहाले गेले अन् वाकलेली रोवनारीन दिसली, त तिचा चेहरा नंतर पाहा. पहिले पाय पाहा. लावलेले परे तिच्या समोर पाहिजेत, मोकळा चिखल मागं. उलटं असन त तिथल्या मानसाले सांगा. तो नाई आयकला त जे लेकरू तुमच्यासंग असन, त्याले सांगा. अन् जमलं त चपला काढून दाखवा.